चार लाखांची गिटार आणि अपरिग्रह

बेंगळुरूत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या तरुण साधकांकडून अलीकडे एक प्रश्न ऐकू येतो. सांगली, सोलापूर, बेळगावकडून आलेली ही मुले सत्संगात भजनांना गिटारची साथ करतात, घरी रात्री हेडफोन लावून इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. त्यांचा प्रश्न असा : पैसे साठवले आहेत, कर्ज काढायचे नाही, पण साधना करणाऱ्याने चार लाखांची गिटार घ्यावी का?

यावर आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक, हा निव्वळ मोह आहे, सोडून दे. दुसरे, कष्टाचे पैसे आहेत, घे की. दोन्ही उत्तरे प्रेमापोटीच दिली जातात, पण दोन्हींत फक्त किमतीचा विचार आहे. वस्तूचा नाही आणि ती हाताळणाऱ्याच्या मनाचाही नाही.

म्हणून आधी वस्तू पाहू. बुटीक म्हटले की आपल्याला साड्यांचे दुकान आठवते. गिटारच्या जगात मोठ्या कारखान्याबाहेर, मोजक्या कारागिरांच्या कार्यशाळेत, मागणीप्रमाणे घडवलेल्या वाद्याला हा शब्द लावतात. लाकूड कोणते, मान किती जाड, रंग कोणता, हे घेणारा ठरवतो आणि मग कित्येक महिने वाट पाहतो. अमेरिकेतल्या नामांकित कार्यशाळांच्या गिटारी साधारण ३ ते ५ हजार डॉलरना जातात. वाहतूक, आयातशुल्क आणि कर धरून इथे येईपर्यंत हिशेब चार लाखांवर जायला वेळ लागत नाही. शिकाऊ माणसाची इलेक्ट्रिक गिटार याच शहरात १०-१५ हजारांत मिळते.

ही हौस बेंगळुरूत उगीच रुजलेली नाही. १७ मार्च २००७ रोजी आयर्न मेडन आणि ३० ऑक्टोबर २०११ रोजी मेटॅलिका इथल्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले. त्या गर्दीत उभी असलेली कॉलेजची मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत आणि तेव्हा नसलेला पगार आता हातात आहे. ज्यांना इलेक्ट्रिक गिटार म्हणजे नुसता गोंगाट वाटतो, त्यांनी यू. श्रीनिवास यांचे मँडोलिन ऐकावे. तेही विजेवर चालणारे वाद्यच होते, आणि त्यावर त्यांनी त्यागराजांच्या कृती वाजवल्या. भक्ती तारेला वीज जोडली म्हणून आटत नाही.

आता चार लाखांत जास्तीचे काय मिळते? साध्या गिटारीत लाकडाची पोकळ पेटी आवाज घडवते. इलेक्ट्रिक गिटारीत तारांखाली लोहचुंबकाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते, तिला पिकअप म्हणतात. पोलादी तार कंप पावली की त्या गुंडाळीत क्षीण विद्युतप्रवाह उत्पन्न होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो. म्हणजे लाकडावरच्या सुंदर लहरी, ज्यासाठी बरेच पैसे मोजले जातात, त्या डोळ्यांसाठी आहेत. कानाला त्या ऐकू येत नाहीत. फ्रेट अगदी समपातळीत बसवणे, मानेचा सांधा चोख असणे, खुंट्या न सरकणे, यांचा फरक मात्र खरा असतो आणि वाजवणाऱ्याच्या बोटांना तो लगेच कळतो. माझे मत असे की १० हजारांच्या आणि ५० हजारांच्या गिटारीत मोठे अंतर आहे. ५० हजारांच्या आणि चार लाखांच्या गिटारीतले अंतर बारीक आहे आणि ते ऐकणाऱ्यापेक्षा वाजवणाऱ्यालाच जास्त जाणवते. बारीक अंतराला किंमत नसते असे नाही. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीवर सुताचा दोरा केसभर सरकवतो, तेवढ्यानेही सगळा नाद बदलतो.

तरीही ब्रायन मे यांची गोष्ट विसरून चालणार नाही. १९६३ साली इंग्लंडमध्ये शाळकरी वयाच्या या मुलाने वडिलांच्या मदतीने घरीच इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतली, कारण विकत घेणे परवडणारे नव्हते. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या, फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे, तारा हलवायच्या दांडीचे टोक विणकामाच्या सुईचे. सारा खर्च ८ पौंडांच्या आसपास. पुढे क्वीन या बँडमधून त्यांनी जगभर वाजवली ती हीच गिटार. (मधल्या काळात राहून गेलेली खगोलभौतिकीची पीएच.डी. त्यांनी २००७ मध्ये पूर्ण केली, हेही जाता जाता सांगण्यासारखे.) मात्र या गोष्टीतून स्वस्त तेच चांगले असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. त्या गिटारीत बाप-लेकाचा वर्षाहून अधिक काळ गेला होता. पैसे थोडे लागले, पण मोल थोडे नव्हते.

याच्या उलट टोकाला डेव्हिड गिलमोर यांची काळी स्ट्रॅटोकास्टर आहे. १९७० मध्ये दुकानातून घेतलेली, कारखान्यात बनलेली गिटार. २० जून २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. लाकूड तेच होते. वाढले होते ते तिच्याभोवतीचे नाव. त्या दिवशी गिलमोर यांनी आपली शंभराहून अधिक वाद्ये विकली आणि आलेले सुमारे २ कोटी १५ लाख डॉलर पर्यावरणासाठी न्यायालयात लढणाऱ्या क्लायंटअर्थ या संस्थेला दिले. ज्या गिटारीवर आयुष्यातले सर्वांत गाजलेले सूर वाजवले, ती हातावेगळी करता आली. आपल्यापैकी किती जणांना आपली जुनी स्कूटर तरी अशी देता येईल, कोण जाणे.

मग स्वस्त घेतले की आपण सुटलो, असे तरी म्हणता येते का? मिरजेकडे पाहा. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांच्या पिढीने तिथे सतार-तंबोरे घडवायला सुरुवात केली. हत्यारांना धार लावणारी, ती घडवणारी शिकलगार घराणी हत्यारांचे दिवस संपल्यावर वाद्यांकडे वळली. पंढरपूर-मंगळवेढा भागातले भोपळे वाळवून, पारखून त्यांतून तंबोरा उभा राहतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण मानांकनाने चूल पेटत नाही. एवढे दिवस खर्चून केलेल्या वाद्याला गिऱ्हाईक घासाघीस करून भाव पाडतो, तेव्हा कारागिराच्या मुलाला दुसरी नोकरी बरी वाटू लागते. कष्टाचे पुरते दाम न देणे ही अस्तेयाच्या विरुद्ध गोष्ट आहे, मग व्यवहार कितीही कायदेशीर असो. बुटीक गिटारच्या किमतीतला मोठा भाग कारागिराच्या वेळेचा असतो. तेवढा भाग मला मुळीच खटकत नाही.

आणि याच बेंगळुरूत दुसरेही उदाहरण आहे. इथले अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. टेबलावर मावणारी ती पेटी ज्यांना मिरजेचा तंबोरा परवडला नसता, प्रवासात नेता आला नसता किंवा लावता आला नसता, अशा असंख्य विद्यार्थ्यांच्या रियाजाला सूर देत राहिली. खऱ्या तंबोऱ्याचे गुंजन तिच्यात नाही, हे कोणीही जाणकार सांगेल. तरी तिने सेवा केली. साधनेला काय पुरते आणि साधनाला काय शोभते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात अपरिग्रहाचा विचार करताना विषयांचे पाच दोष सांगितले आहेत : मिळवण्यातला, राखण्यातला, क्षयाचा, आसक्तीचा आणि हिंसेचा. किमतीचा तिथे उल्लेखही नाही. ही पाच नावे घेऊन गिटारकडे पाहिले की प्रश्न बराच स्वच्छ दिसतो.

मिळवण्याबद्दल फार लिहायला नको. हप्त्यांवर घेऊ नये, एवढे पुरे.

हिंसेचा दोष आपल्या अगदी जवळचा आहे. जगातल्या कितीतरी गिटारींच्या फ्रेटबोर्डला शिसवाचे लाकूड लागते आणि ते शिसव कर्नाटक-केरळच्या जंगलांतलेही असते. आपल्या आजोळच्या घरातले शिसवी कपाट ज्या झाडाचे, तेच हे झाड. ब्राझीलचे शिसव दुर्मिळ झाल्यावर जगाने भारतीय शिसवाकडे मोर्चा वळवला. २०१७ मध्ये या कुळातल्या सगळ्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली. झाड सावकाश वाढते. एक गिटार आयुष्यभर वाजवणाऱ्याचा भार जंगल सोसू शकते. दर दोन वर्षांनी नवी घेणाऱ्याचा भार वेगळा असतो.

राखण्याचा दोष मला सर्वांत मोठा वाटतो, कारण त्याची चाहूल घेताना लागत नाही. बेंगळुरूच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि दमट पावसाळ्यात गिटारची मान वाकते, तिच्यावर लक्ष ठेवावे लागते. ते ठीक आहे, वाद्याची निगा हाही साधनेचा भाग आहे. पण पुढे काय होते ते पाहा. गिटार एवढी महाग म्हणून ती सत्संगाला नेत नाहीत. गर्दीत धक्का लागेल. पाहुण्यांची मुले आली की ती कपाटात जाते. घामट हात लागायला नको म्हणून जुन्याच गिटारीवर वाजवणे होते. एका साधकाने हसत सांगितले होते, "नवीन आल्यापासून जुनीच जास्त वाजते." हसण्यासारखेच आहे, पण त्या क्षणी वाद्य मालक झालेले असते.

आसक्ती आणखी चलाख असते. ती संगीताचेच रूप घेऊन येते. सोन्याचा हव्यास लगेच ओळखू येतो, पण "मला चांगला सूर हवा आहे" यात वावगे काय? रोज तासभर रियाज करायचा आणि तीन तास कोणते लाकूड, कोणता पिकअप, यांचे व्हिडिओ पाहायचे, असे चालू झाले की सूर बाजूला पडून शोध वस्तूचा उरतो. त्यातही शोधाचा आनंद खरेदीबरोबर संपतो आणि मन पुढच्या गिटारीकडे पाहू लागते. ध्यानाला बसल्यावर डोळ्यांसमोर काय येते, हे ज्याचे त्याला प्रामाणिकपणे पाहता येईल.

आणखी एक गोष्ट व्यासांच्या यादीत नाही, पण यमांत अपरिग्रहाच्या आधी आहे : सत्य. गिटार घेणाऱ्यांत घरी किंमत कमी करून सांगण्याची पद्धत आहे. आईवडिलांना चाळीस हजार, बायकोला साठ हजार, आणि खरा आकडा फक्त मित्रांत. यावर विनोदही खूप होतात. ज्या वडिलांनी सोलापुरात किंवा निपाणीत तीस वर्षे नोकरी करून मुलाला इंजिनिअर केले, त्यांना चार लाख हा आकडा ऐकून धक्का बसेल, म्हणून आपण तो लपवतो. त्यांचा धक्का टळतो हे खरे. पण आकडा सांगण्याची हिंमत होत नाही, तेव्हा तो पटलेला नसतो तो वडिलांना की आपल्यालाच? मला वाटते, घेण्याआधी तो आकडा घरी फोनवर पूर्ण उच्चारून पाहावा. कदाचित आई रागावेल. कदाचित वडील विचारतील, "वाजवून दाखवशील ना?" या विचारण्याला उत्तर देता आले तर गिटार घ्यायला माझी हरकत नाही. सध्याची गिटार आधी एखाद्या जाणत्या कारागिराकडून नीट लावून घ्यावी, थोड्या पैशांत तिचा नूर पालटतो. त्यावर सहा महिने वाजवून पाहावे. एवढ्यानंतरही बोटांना जे हवे ते मिळाले नाही, तर ती बोटांची गरज समजावी.

आपल्याकडे अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहारे ठरलेले असतात. पहाटे झोपेतून उठून आलेला माणूस पुढे होतो, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. त्या वीणेची किंमत किती आणि ती कोणी आणून दिली, हे त्या वेळी कोणाच्या मनात येत नाही. गिटार अशी गावाची होणार नाही, ती एकाच हाताच्या मापाने घडवलेली असते, हे मान्य. पण सत्संगाला ती आणता येईल. साथीला दुसरा कोणी आला तर त्याच्या हातात देता येईल, बालसंस्कार वर्गातल्या मुलाला तार छेडू देता येईल. एखादा ओरखडा पडेल. रोज वाजवल्याने पोलादी तारांखाली फ्रेट झिजतील, त्यांत खाचा पडतील, हाच तो क्षय. झिजलेल्या फ्रेट काढून नव्या बसवता येतात, आणि ते काम करणारे कारागीर बेंगळुरूत आहेत.