गळका द्रोण

घाटाखाली, मोताळा तालुक्यातल्या एका लहानशा गावात एक म्हातारी पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण टाचायची. राजूर घाटाच्या उतारावर पळस भरपूर. केशरी फुलं गळून गेली की झाडांना नवी पानं फुटत आणि वैशाखापर्यंत ती रुंद, चिवट होत. म्हातारी पहाटेच पानं खुडून आणायची, भारा ओसरीवर उतरवायची आणि कडुलिंबाच्या बारीक काड्या घेऊन बसायची.

तिच्या द्रोणाचं पंचक्रोशीत नाव होतं. पानावर पान आडवं-उभं ठेवून ती अशी दुमड घालायची, की गरम वरण ओतलं तरी थेंब झिरपत नसे. मध्यंतरी थर्माकोलच्या वाट्या आल्या आणि तिच्या हाताला काम राहिलं नाही. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात त्या वाट्यांवर बंदी आली, तेव्हा लग्नघरची माणसं पुन्हा तिच्या ओसरीवर येऊ लागली.

शेत सून पाहायची. मृगाच्या आधी ती काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत कारल्या-दोडक्याची रोपं करायची. वेलभाज्यांचं मूळ मोठं हळवं. ते एकदा दुखावलं की रोप मागे पडतं ते पडतंच. पिशवी फाडताना मातीची हुंडी फुटायची, पांढरी मुळं तुटायची आणि दुपारच्या उन्हात रोपं माना टाकायची. फाटक्या पिशव्या वाऱ्यानं नाल्यात जायच्या. एकदा गाईच्या शेणात तसलंच काळं प्लास्टिक निघालं, तेव्हापासून सुनेला त्या पिशव्या हातात धरवेनात.

म्हातारी म्हणाली, "माह्या द्रोणात लाव ना बी. द्रोणासकट खड्ड्यात ठेवून दे. फाडाचं कामच नाही."

सुनेला ते पटलं. म्हातारीनं त्या उन्हाळ्यात आपलं सगळं कसब पणाला लावलं. लग्नाच्या द्रोणाला दोन पानं, तर सुनेच्या रोपासाठी तिनं तीन लावली. काड्या जवळजवळ टोचल्या. शाळेला सुट्टी होती, म्हणून नातही शेजारी बसून टाचायला शिकत होती. तिच्या द्रोणाला एकच पान, एखाददुसरी काडी, आणि तळाला हमखास फट. म्हातारीनं ते बाजूला काढले. पण बी उरलं होतं, टाकून कशाला द्यायचं, म्हणून सुनेनं त्यांतही गाळाची माती आणि शेणखत भरलं आणि रात्रभर भिजवलेलं कारल्याचं बी टोचलं.

मृगाचा एक सडाका झाला. सुनेनं रोपं लावली. मग पावसानं दडी मारली. विहिरीचं पाणी हातानं घालूनही म्हातारीच्या द्रोणांतली रोपं एकेक करून पिवळी पडली. बांधाकडच्या एका ओळीतली मात्र तरारून वर आली. ती ओळ नातीच्या द्रोणांची होती.

सुनेनं वाळलेलं एक रोप उकरलं. द्रोण जसाच्या तसा. आत मुळं गोल गोल फिरून एकमेकांत गुंतली होती, आणि तळाची काळी पडली होती.

"आत्याबाई, हे पाहा."

म्हातारीनं द्रोण हातात घेतला, माती झटकली, काड्या चाचपल्या. "आताबी याच्यात वरण वाढता येईन," ती म्हणाली, आणि मग काही बोलली नाही.

गावात आलेल्या कृषी सहायकाला सुनेनं दोन्ही द्रोण दाखवले. म्हातारीच्या द्रोणाचा काठ मातीच्या वर बोटभर राहिला होता. दिव्याची वात तेल ओढते तसा तो उघडा काठ आतली ओल ओढून वाऱ्यावर उडवत असावा. शिवाय कोरड्या जमिनीत पान कुजत नाही. कुजायला ओल लागते. परदेशात दलदलीतल्या पीटच्या कुंड्या करतात, त्यांचाही काठ मातीखाली गाडावा लागतो, असं तो म्हणाला. नातीचे द्रोण लहान होते. ते पुरते मातीत बुडाले होते, आणि फटीतून मूळ केव्हाच बाहेर पडलं होतं.

दुसऱ्या वर्षी सुनेनं सासूला एका पानाचे, तळाला फट ठेवलेले द्रोण मागितले. म्हातारीला ते फार जड गेलं. "गळका द्रोण म्या जल्मात बांधला नाही," ती म्हणाली. दोन दिवस तिनं पानांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी नातीला जवळ बसवून तिनं विचारलं, "तू कसा बांधत होतीस, दाखव बरं."

त्या वर्षी रोपं तीन आठवड्यांची होताच लावली. लावण्याआधी प्रत्येक द्रोण पाण्यात बुडवून मऊ केला, आणि जिथे काठ वर दिसला तिथे तो फाडून टाकला. श्रावणात एका वेलाजवळची माती उकरली, तर पानाच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या आणि त्यांच्यामधून मुळं चारी बाजूंनी गेली होती. सुनेनं पपईही करून पाहिली. पपईचं रोप दीड-दोन महिने पिशवीत राहतं; त्याआधीच एका पानाचा द्रोण कुजून गेला. पपईला दोन पानं लागतात, हे तेव्हा कळलं.

म्हातारीच्या हाताचं कसब रोपाला जास्त झालं होतं. वरणाला द्रोणातच राहायचं असतं. रोपाला त्यातून पलीकडे जायचं असतं. ज्याला पुढे जायचं आहे त्याच्यासाठी आधार बांधताना तो कुठे आणि केव्हा सुटणार, हे बांधणाऱ्यालाच आधी ठरवावं लागतं. जन्मभर चोख काम केलेल्या माणसाला हे शिकायला मन मोठं लागतं, आणि म्हातारीचं मन मोठं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात घाटावरून एक रोपवाटिकावाला द्रोण मागायला आला. किती हवेत हे विचारण्याआधी म्हातारीनं विचारलं, "रोप किती दिवसांचं?" कारली, दोडकी आणि थोडी पपई, असं त्यानं सांगितलं. तिनं पपईचे द्रोण स्वतःकडे ठेवले आणि कारल्या-दोडक्याचे नातीच्या हाती सोपवले.