रिकाम्या घरात विचारायचं कुणाला?

पडक्या जागा शोधत फिरणाऱ्या फोटोग्राफर मंडळींचा जगभर एक नियम आहे : फोटोंशिवाय काही न्यायचं नाही, पावलांच्या खुणांशिवाय काही ठेवायचं नाही. ऐकायला छान आहे, टी-शर्टवर छापण्यासारखा. पण जपानमध्ये राहायला लागल्यापासून मला तो दोन्हीकडून खटकतो.

आधी पावलांचं. जपानी घरात दारातून आत गेलं की थोडीशी खोलगट जागा असते, गेन्कान. बूट तिथेच काढायचे आणि 'ओजामा शिमास' म्हणायचं, म्हणजे साधारण 'तुम्हाला त्रास द्यायला आलोय'. चपला बाहेर काढणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. पडक्या घरात मात्र फुटक्या काचा आणि कुजलेली जमीन असते, त्यामुळे सगळे बुटांसकट तातामीवर चढतात. पावलांची खूण, जी नियमात चालते, तीच त्या घरातली पहिली आगळीक.

अशा जागांना जपानीत 'हाइक्यो' म्हणतात. बंद पडलेली हॉटेलं, शाळा, खाणी, आणि घरं. २०२३च्या सरकारी पाहणीत देशातली सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, म्हणजे साधारण सातातलं एक. सगळीच काही पडीक नाहीत, बरीचशी भाड्याची किंवा विक्रीची आहेत. पण म्हातारे आईवडील गेले, मुलं शहरात, पाडायला खर्च, आणि पाडलं तर मोकळ्या जमिनीवरचा कर वाढतो, अशी अडकून उभी राहिलेली घरंही पुष्कळ आहेत. त्यांना मालक असतो. तो फक्त तिथे नसतो.

परदेशी माणसाला या जागांची ओढ का वाटते, हे मला कळतं. इथलं रोजचं जगणं नियमांनी बांधलेलं. कोणत्या वारी कोणता कचरा, ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही, इथे विकलेल्या बहुतेक फोनमध्ये कॅमेऱ्याचा 'खटॅक' आवाजही बंद करता येत नाही. रस्त्यावर कुणाचा चेहरा फोटोत आला, तर टाकण्याआधी लोक तो धूसर करतात. रिकाम्या घरात मात्र कुणी टोकत नाही. बघणारंच कुणी नाही, हे केवढं तरी सुख असतं. (कायदा टोकतोच. मालकाला न विचारता शिरणं हा गुन्हा आहे आणि इथे व्हिसावर राहणाऱ्याला तो महागात पडू शकतो. पण पकडले जाण्याची भीती ही काही नैतिकता नव्हे, म्हणून ते बाजूला ठेवू.)

आता फोटोंचं. इथेच नोकरी करणाऱ्या पुण्याच्या एका मित्राने मला त्याचा सगळ्यात आवडता फोटो दाखवला. स्वयंपाकघर, तिरका उजेड, ओट्यावर उपडा ठेवलेला भाताचा वाडगा, भिंतीवर पिवळं पडलेलं कॅलेंडर. फोटो खरंच सुंदर होता. त्याला जपानी वाचता येत नाही, मला थोडंफार येतं. कॅलेंडरवर दर मंगळवारी पेनाने दोन अक्षरं लिहिली होती : 'ब्योइन', म्हणजे दवाखाना. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यानंतर काहीच नव्हतं.

मी ते वाचून दाखवल्यावर फोटो बदलला नाही, पण आम्ही दोघं गप्प झालो. मला तेव्हा जाणवलं, की परक्या देशातल्या पडझडीचं जे सौंदर्य आपल्याला दिसतं, त्यात आपल्या निरक्षरपणाचा मोठा वाटा असतो. वाचता येत नाही म्हणून ते 'टेक्स्चर' दिसतं. हेच कोकणातल्या एखाद्या बंद घरात कुणी परका शिरला असता आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर आजीने लिहिलेल्या औषधांच्या वेळा त्याने 'व्हिंटेज' म्हणून टाकल्या असत्या, तर आपल्याला राग आला असता.

यावर मित्राचं म्हणणं असं : मी टिपलं नाही, तर ते घर कोसळेल आणि ती बाई होती हेही कुणाला कळणार नाही. ('बाई' त्याने गृहीत धरली. का, कोण जाणे.) हा मुद्दा मला झटकून टाकता येत नाही, कारण काही पडक्या जागांबाबत तो अगदी खरा आहे.

नागासाकीजवळचं हाशिमा बेट घ्या, ज्याला गुन्कान्जिमा म्हणतात. मित्सुबिशीची समुद्राखालची कोळशाची खाण, एवढ्याशा खडकावर काँक्रीटच्या उंच चाळी, १९५९ साली पाच हजारांहून जास्त वस्ती. १९७४ मध्ये खाण बंद झाली आणि काही महिन्यांत बेट रिकामं. २०१५ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं, औद्योगिक प्रगतीची खूण म्हणून. पण युद्धकाळात तिथे कोरियन आणि चिनी माणसांना जबरदस्तीने राबवलं होतं. ती बाजू नीट सांगितली जात नाही, याबद्दल वारसा समितीने २०२१ मध्ये कडक शब्दांत नाराजी नोंदवली. अशा ठिकाणी कॅमेऱ्याने डोकावलंच पाहिजे. तिथे लपवण्यात सत्तेचा फायदा आहे.

दवाखान्याच्या मंगळवारांत कुणाचा फायदा? ते लपवलेलं नव्हतं, फक्त घरातलं होतं. आठवण जपणं आणि अनोळखी लोकांना दाखवणं या दोन गोष्टी आपण फार पटकन एक करून टाकतो. त्या माणसाने ते कॅलेंडर स्वतःसाठी लिहिलं होतं. विचारायला कुणी नाही, याचा अर्थ 'हो' असा लावायची सोय फक्त आपल्याला आहे, त्याला नाही.

मित्राने फोटो काढून टाकला नाही. कॅलेंडरचा भाग कापला आणि मग अपलोड केला. आता तो फोटो पहिल्याइतका चांगला दिसत नाही, असं तो म्हणतो. ते खरंच आहे.