गंजलेला तवा आणि अर्जुनाचा प्रश्न



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४५.

सहावा अध्याय आपण गेले काही दिवस हळूहळू वाचतोय. आसन कसं घालावं ते झालं, आहार-विहार बेताचा असावा ते झालं. मन वाऱ्यासारखं आहे, ते मुठीत कसं धरू, असं अर्जुनाने विचारलं आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय भगवंतांनी सांगितले. इथे अध्याय संपला असता तरी चाललं असतं. पण अर्जुन तिथे थांबत नाही. तो जे पुढे विचारतो ते विचारायला धीर लागतो, कारण तो स्वतःच्या पडण्याबद्दल आधीच विचारून ठेवतो.

तो म्हणतो, देवा, एखाद्याची श्रद्धा आहे, त्याने सुरुवातही केली, पण मध्येच मन ढळलं आणि अभ्यास सुटला. त्याचं काय होतं? संसारातूनही गेला आणि साधनेतूनही गेला, असा तो फाटलेल्या ढगासारखा विरून जातो का? आणि वर म्हणतो, हा संशय तुझ्याशिवाय कुणी फेडणार नाही.

हा प्रश्न पोथीतला म्हणून आपण पुढे जातो. पण गेल्या आठवड्यात खारघरच्या एका ताईंचा निरोप आला, त्यात हाच प्रश्न होता, फक्त ढगाचं नाव नव्हतं. त्या सतरा वर्षं रोज पहाटे ज्ञानेश्वरीच्या पाच ओव्या आणि हरिपाठ म्हणत. मग आई आजारी पडली. आठ महिने दवाखाना, रात्रीची जागरणं, औषधांच्या वेळा, आणि शेवटी आई गेली. दिवसकार्य झालं, घर शांत झालं, पण पोथी उघडायला हात जात नाही. त्यांनी लिहिलं, "देव्हाऱ्यापुढे बसायची लाज वाटते. सतरा वर्षांचं पुण्य आठ महिन्यांत धुऊन गेलं असं वाटतं. आता पहिल्यापासून सुरू करायचं का? आणि केलं तरी ते पूर्वीसारखं होईल का?"

त्यांना बऱ्याच जणांनी सांगितलं असणार की आईची सेवा हाच जप होता. खोटं नाही ते. पण मी ते म्हणणार नाही, कारण ताईंना त्याने समाधान झालेलं नाही. त्यांना त्यांची पहाट हवी होती आणि ती आठ महिने मिळाली नाही. खंड पडला तो पडला. त्याला गोड नाव दिलं म्हणून भरून येत नाही. भगवंतसुद्धा इथे शब्द बदलून घेत नाहीत, हे बघण्यासारखं आहे. अर्जुन म्हणतो ढळला, तर एक्केचाळिसाव्या श्लोकात ते स्वतः योगभ्रष्ट हाच शब्द वापरतात. तू पडलाच नाहीस, अशी समजूत ते काढत नाहीत. पडलेल्याचं पुढे काय, एवढंच सांगतात.

ते समजायला मला पोथीपेक्षा स्वयंपाकघराने जास्त मदत केली, म्हणून आज तव्याबद्दल लिहिते. जरा सविस्तर लिहिते, कारण तव्याचं काम अर्धवट सांगून उपयोग नसतो.

आमचं गाव कुडाळ तालुक्यात. सासूबाईंकडे बिडाचा जाड तवा होता, त्याला त्या 'बिडं' म्हणत. घावने, आंबोळ्या सगळं त्याच्यावर. त्यांच्या हातचं घावन जाळीदार व्हायचं आणि कडेने आपोआप सुटायचं. उलथण्याचा उपयोग फक्त उचलायला. तेल लावायला नारळाची शेंडी, ती तेलाच्या वाटीत बुडवून तव्यावरून एकदा फिरवायची. त्या गेल्या त्याला सहा वर्षं झाली. घर बंद. मागच्या मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा बिडं पडवीच्या कोनाड्यात सापडलं. मधोमध नारिंगी गंजाचा मोठा डाग, हात लावला की भुकटी. नणंद म्हणाली, "वहिनी, भंगारवाला किलोवर घेईल." मी ते टॉवेलात गुंडाळलं आणि कोकण रेल्वेने पनवेलला उतरून नेरूळला घरी आणलं.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये गाड्यांचे भाग ओततात ना, तेच. त्यात कार्बन जास्त, साधारण दोन ते चार टक्के, म्हणून ते कडक पण ठिसूळ. पोळीच्या तव्यासारखं वाकत नाही, हातातून फरशीवर पडलं तर तुटतं. तापलेल्यावर एकदम गार पाणी ओतलं तरी तडा जाऊ शकतो. तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं, म्हणून त्याच्यावरचं घावन एकसारखं होतं.

आणि नुसतं बीड उघडं ठेवलं तर गंजणारच. नेरूळच्या हवेत तर जास्तच. खाडी जवळ, चार महिने पावसाळी दमटपणा, आमच्या खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज येतो. त्यात लोखंडाचं पाप काही नाही. ताई, हे वाक्य तुमच्यासाठी परत वाचा.

मग सासूबाईंच्या हयातीत ते का गंजलं नाही? कारण त्याच्यावर थर होता. तव्यावर तेलाचा अगदी पातळ हात देऊन तो चांगला तापवला की ते तेल तेल राहत नाही. त्याचे कण एकमेकांत गुंफले जातात आणि लोखंडाला धरून एक कडक, काळी, गुळगुळीत साय बनते. पाण्याने ती जात नाही. याला हल्ली सगळे सिझनिंग म्हणतात, आपल्याकडे तवा मुरवणं म्हणतात. एका दिवसात ती साय होत नाही. रोजच्या घावनाबरोबर एक एक पदर चढत जातो, डोळ्याला दिसतही नाही.

मी काय केलं ते सांगते. मधला गंज लोखंडी काथ्याने घासला. जिथे घट्ट होता तिथे निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी करून अर्धा तास ठेवलं, मग परत घासलं. यापेक्षा जास्त वेळ ठेवू नये, आम्ल लोखंडालाच खायला लागतं. साबणाने धुतलं. (साबण लावला की तवा बिघडतो अशी भीती पुष्कळांना असते. आजच्या सौम्य साबणाने मुरलेला थर जात नाही. रात्रभर पाण्यात भिजत ठेवल्याने मात्र नक्की गंजतो.) धुतल्या धुतल्या गॅसवर ठेवून पूर्ण सुकवलं, फडक्याने पुसून भागत नाही.

मग कोमट असताना शेंगदाण्याच्या तेलाचे चार थेंब, सगळीकडे चोळले. आणि त्यानंतर कोरड्या फडक्याने असं पुसलं की जणू तेल लावलंच नव्हतं. यातच सगळी मेख आहे. आपल्याला वाटतं जास्त तेल लावलं तर थर जाड होईल आणि काम लवकर होईल. होतं उलटं. जाड तेल तापून चिकट गोंद होतं, तव्यावर तपकिरी ओघळ येतात, आणि त्याला घावनच काय, बोटसुद्धा चिकटतं. मग ते सगळं खरवडून परत पहिल्यापासून. म्हणून पुसायचं. खिडकी उघडी ठेवून मध्यम आचेवर तापवायचं, धूर निघेल, धूर थांबेपर्यंत ठेवायचं, आपलं आपण गार होऊ द्यायचं. आणि हे तीन-चार वेळा. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी २३० अंशांवर तासभर पालथा ठेवावा, थर जास्त एकसारखा बसतो. माझ्याकडे ओव्हन नाही.

आता जे बघून मी थबकले ते सांगते. गंज मधोमध होता, पण कडेने, बाहेरून आणि कानांजवळ सासूबाईंचा जुना काळा थर जसाच्या तसा होता. चाळीस वर्षांच्या घावनांचा. तो मी घासला नाही, घासायचं कारणच नव्हतं. नवे पदर फक्त मध्ये द्यावे लागले आणि ते जुन्याच्या कडेला जाऊन मिळाले. पहिलं घावन फाटलं. दुसरंही. तिसऱ्या दिवशी अर्ध्या कांद्याने तेल लावून घातलं तेव्हा कड उचलली गेली. नवा कोरा तवा माझ्या धाकट्या जावेने त्याच सुमारास घेतला होता, तिचा महिनाभर चिकटत होता.

आता श्लोकांकडे या. चाळिसाव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला 'तात' म्हणतात, बाळा म्हणावं तसं. आणि सांगतात की त्याचा ना इथे नाश होतो, ना पुढे. चांगलं करणारा कुणीही वाईट गतीला जात नाही. मग म्हणतात, तो पुन्हा चांगल्या घरात येतो, त्याची पूर्वीची बुद्धी त्याला परत भेटते, आणि तिथून तो पुढचा प्रयत्न करतो. चव्वेचाळिसावा श्लोक तर मला फार धीर देतो. तो पूर्वीचा अभ्यासच त्याला ओढून नेतो, तो 'अवश' असला तरी, म्हणजे त्याचा स्वतःवर ताबा नसला तरी. दुसऱ्या अध्यायाच्या चाळिसाव्या श्लोकातही हेच बीज आहे, की या वाटेवर केलेला आरंभ वाया जात नाही.

भगवंत हे एका जन्मातून दुसऱ्या जन्मात जाण्याबद्दल बोलतात. मध्ये मरणाएवढा खंड पडला तरी जे टिकतं, ते आठ महिन्यांच्या दवाखान्याने जाईल का? ताई, तुमचा थर कडेला आहे. आईच्या उशाशी बसल्यावर रात्री तोंडात आपोआप नाम येत होतं का, आठवून बघा. तुम्ही ठरवून घेतलेलं नव्हे, आपोआप आलेलं. आलं असेल तर तो हाच पूर्वाभ्यास. नसेल आलं तरी काळजी नाही, श्लोक तशी अट घालत नाही.

अडचण पुढची आहे. परत बसणारा माणूस बहुधा जाड थर द्यायला बघतो. राहिलेल्या आठ महिन्यांच्या ओव्या मोजतो, रोज शंभर वाचून भरून काढू म्हणतो, सप्ताहात पारायण लावतो. आठ दिवसांत थकतो, वाचताना जांभया येतात, आणि पोथीचाच कंटाळा येतो. तो चिकटपणा मी पुष्कळांचा पाहिलाय. तुमच्या पाच ओव्यासुद्धा आत्ता जास्त आहेत असं मला वाटतं. एक ओवी वाचा. हरिपाठातला एक अभंग म्हणा. उठा, कामाला लागा. पहिले काही दिवस मन फाटेल, आईच्या आठवणीने डोळे भरतील, ओवीचा अर्थ लागणार नाही. फाटू दे. सुरुवातीच्या दिवसांत मुरत्या तव्यावर चिंचेची, कोकमाची आमटी उकळत ठेवत नाहीत, कोवळा थर सुटतो. तसं, "बंद का पडलं हो तुमचं?" असं विचारणाऱ्यांकडे थोडे दिवस जाऊ नका.

तव्यावरून मुक्ताबाई आठवणारच. आळंदीत या भावंडांकडे मांडे करायचे ठरले आणि विसोबाने कुंभारांना दटावून त्यांना खापर मिळू दिलं नाही. मग ज्ञानोबांनी पाठ तापवली आणि मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले, अशी कथा आहे. आपण नेहमी पाठीचा चमत्कार सांगतो आणि विसोबाला तिथेच सोडून देतो. पण परंपरा म्हणते की हाच विसोबा पुढे विसोबा खेचर झाला आणि नामदेवांचा गुरू झाला. ज्याने खापर अडवलं, त्याच्याकडेच गोरोबाकाकांनी कच्चं ठरवलेलं मडकं पक्कं व्हायला गेलं. तो तर अभ्यास सुटलेलाही नव्हता, उलट्या दिशेला चाललेला होता. त्यालाही देवाने भंगारात दिलं नाही.

जाता जाता, ज्यांनी मागे विचारलं होतं त्यांच्यासाठी : पावसाळ्यात बिडाचा तवा धुऊन, गॅसवर सुकवून, तेलाचं बोट फिरवून मगच ठेवा, आणि वर झाकण ठेवू नका, आत दमट होतं. आठवड्यातून दोनदा तरी वापरात असू द्या. आमच्याकडे आता गुरुवारी आणि रविवारी घावने असतात. सासूबाईंच्या घावनाएवढी जाळी अजून पडत नाही.

ताई, उद्या पहाटे एक ओवी झाली की नुसतं "झालं" एवढं कळवा.

उद्याचं वाचन श्लोक ४६ आणि ४७, अध्यायाची समाप्ती.

रामकृष्ण हरी.