डायपर सुटला की आणा

"डायपर सुटला की आणा," त्या शाळेच्या ऑफिसात मला सांगितलं. बोलण्यात तुसडेपणा नव्हता, उलट काळजीच होती. मुलगा सहा वर्षांचा. त्याला ऑटिझम आहे. अंगणभर खडूने बाराखडी काढायचा, पण शू लागल्याचं त्याला कळायचं नाही.

'कळायचं नाही' हे मी विचार करून लिहिते आहे. भूक, तहान, शू या शरीराच्या आतून येणाऱ्या हाका. काही मुलांपर्यंत त्या उशिरा पोचतात, किंवा अशा एकदम पोचतात की धावायला वेळच उरत नाही. त्यात बद्धकोष्ठता, ऑटिझम असलेल्या मुलांत ती पुष्कळ दिसते. आत घट्ट शी अडकून राहते, तिच्या कडेने पातळ शी चड्डीत झिरपते आणि घरच्यांना वाटतं, हा मुद्दाम करतो. आम्हालाही तसंच वाटलं होतं. बालरोगतज्ज्ञांनी पोट तपासून दोन मिनिटांत कारण सांगितलं, तोवर सहा महिने आम्ही त्याच्यावर ओरडत होतो. ते सहा महिने मला अजून सलतात.

औषधाने पोट साफ झाल्यावर खरी सुरुवात झाली. आठवडाभर वहीत लिहून ठेवलं: किती वाजता शू, किती वाजता शी, आधी काय खाल्लं. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून जेवण झालं की थोड्या वेळाने बसवायचं, तेही पाचच मिनिटं. कमोडवर पाय लोंबकळले की तो घाबरायचा. पायाखाली देवघरासमोरचा पाट ठेवला. सासूबाईंनीच तो काढून दिला. भिंतीवर सहा फोटो लावले, चड्डी खाली करण्यापासून हात धुण्यापर्यंत. फ्लशच्या आवाजाला तो कान झाकायचा, म्हणून आधी तो बाहेर जायचा, मग मी फ्लश करायचे. काम झालं की तिथल्या तिथे एक मनुका.

अमेरिकेत अझ्रिन आणि फॉक्स यांनी १९७४ मध्ये एका दिवसाच्या आत हे शिकवण्याचं पुस्तक काढलं. त्याआधी त्यांनी संस्थांत राहणाऱ्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना हेच शिकवलं होतं. ज्यांच्याबद्दल सगळ्यांनी आशा सोडली होती, ती माणसं शिकली, ही गोष्ट मी धरून ठेवली. चूक झाली की तीच कृती पुन्हा पुन्हा करवून घेण्याचा त्यांचा भाग मात्र आम्ही गाळला. आम्हाला चौदा महिने लागले.

आणि घरी जमलेलं शाळेत जमेना. घरी कमोड, शाळेत भारतीय पद्धतीचा संडास. ओली फरशी, वास, न लागणारी कडी. अशा मुलासाठी हे सगळं नव्याने शिकणंच असतं. ही दुसरी शाळा. तिथल्या मावशींना मी एवढंच सांगितलं, "शू लागलीय का, असं विचारू नका. तो नाहीच म्हणतो. वेळ झाली की फोटो दाखवा आणि 'चल' म्हणा." त्यांनी ते वर्षभर न चुकता केलं. धुवायला मदत करताना आधी त्याला सांगायच्या, मग हात लावायच्या. आपल्या अंगाला कोण, कधी, कशासाठी हात लावतो हे मुलाला कळलं पाहिजे, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शाळेच्या शिक्षकांच्या यादीत त्यांचं नाव नाही. माझ्या मते असायला हवं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे. सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्यात, असं त्याचं १६वं कलम सांगतं. डायपर सुटल्याची अट मला त्यात सापडली नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही नाही. विशेष शाळांत स्वतःची कामं स्वतः करणं हा शिकवण्याचाच विषय असतो. मग साध्या शाळेत तो दारातच द्यायची परीक्षा का व्हावा? जे शिकायला मूल शाळेत येतं, तेच आधी शिकून ये म्हणणं मला पटत नाही.

आता तो तिसरीत आहे. परवा एका लग्नाला गेलो, तर कार्यालयाच्या पायरीवरच थांबून त्याने विचारलं, "इथलं फ्लश ओरडतं का?" त्याचे बाबा आत गेले, फ्लश करून, ऐकून आले. "थोडं ओरडतं," म्हणाले. त्याने कानांवर हात ठेवले आणि आत आला.