हातभर अंतरावरचं बोलणं

बिनतारी संदेशाचं कौतुक आपण पहिल्यापासून अंतरावर मोजत आलो. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये आखूड लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली, बंदुकीची दारू उडवून दाखवली. पण 1901 मध्ये मार्कोनीचा संकेत अटलांटिक ओलांडून गेला. जहाजांना लांब जाणाऱ्या लहरी हव्या होत्या, आणि बोसांच्या मिलिमीटरी लहरी कितीतरी वर्षं अडगळीत पडल्या.

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये जोसेप जोर्नेट या विद्यार्थ्यानं 2013 मध्ये पीएचडी पुरी केली, ती याहूनही आखूड, टेराहर्ट्‌झ लहरींवर. डोळ्यांना न दिसणाऱ्या यंत्रांनी एकमेकांशी बोलायचं कसं, हा त्याचा प्रश्न. धातूचा अँटेना साधारण अर्ध्या तरंगलांबीएवढा लागतो. तो 1 मायक्रोमीटरचा केला, तर वारंवारता 150 टेराहर्ट्‌झच्या घरात जाते. एवढ्याशा यंत्राला ती झेपणारी नाही. मग कामी येतं ग्रॅफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर. त्यात लहर इलेक्ट्रॉनांच्या संगतीनं चालते, म्हणून मंदावते आणि आखडते. तेवढीच पट्टी मग काही टेराहर्ट्‌झवर काम करू शकते.

गणितात हे छान जमतं. प्रयोगशाळेत मात्र ग्रॅफीन तांब्याच्या पत्र्यावर वाढवायचं, वर प्लॅस्टिकचा पातळ लेप द्यायचा, खालचं तांबं रसायनात विरघळवायचं आणि पाण्यावर तरंगणारा तो पापुद्रा सिलिकॉनच्या चकतीवर अलगद उचलून घ्यायचा. दुधावरची साय न मोडता उचलण्यासारखंच हे काम. सुरकुती पडली, लेपाचा कण चिकटून राहिला, की इलेक्ट्रॉन तिथे अडखळतात आणि लहर बाहेर पडण्याआधीच तिची बरीच ऊर्जा उष्णतेत जाते. या विषयात पीएचडी करणाऱ्यांची उमेदीची वर्षं बहुतेक या सुरकुत्यांशी झगडण्यातच जात असणार!

एवढं करून लहर हवेत सुटली, तरी वाटेत पाण्याची वाफ तिला गिळायला बसलेली. अंतर वाढत गेलं की वापरता येण्याजोगे पट्टे तुटक आणि अरुंद होत जातात. पण जोर्नेट आणि त्याचे मार्गदर्शक इयान अकिल्दिझ यांच्या हिशोबात दुसरी बाजूही निघाली: अंतर एका मीटरहून बरंच कमी ठेवलं, तर जवळजवळ 10 टेराहर्ट्‌झचा अख्खा पट्टा मोकळा मिळतो.

मला हा हिशोब फार आवडतो. शतकभर आपण लांबच्याला हाक मारण्याच्या खटपटीत होतो. या मंडळींनी सुचवलेल्या उपयोगांपैकी एक आहे एकाच चिपवरच्या प्रोसेसरांना आपसात बिनतारी बोलतं करण्याचा. तिथलं अंतर मिलिमीटरांत मोजायचं.