पुंगळीची शुद्धी

वापरलेली वस्तू पुन्हा वापरायोग्य कशी होते, याच्या विचाराला धर्मशास्त्रात द्रव्यशुद्धी असे नाव आहे. मनुस्मृतीच्या 5 व्या अध्यायात तांबे, लोखंड, कांसे, पितळ, कथील आणि शिसे यांसाठी क्षार, आम्ल आणि पाणी ही साधने ज्या-त्या धातूच्या योग्यतेनुसार सांगितली आहेत, आणि चिंचेने पितळ उजळणाऱ्या मराठी घरांतून तोच विचार ग्रंथाची आठवण नसतानाही चालत आला आहे. अमेरिकेतील हौशी नेमबाज झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्यापूर्वी पाणी, साबण, किंचित सायट्रिक आम्ल आणि पोलादाच्या बारीक पिना यांसह फिरत्या पिंपात घोळवतात, तेव्हा तेही आम्लाचाच आश्रय घेतात. मात्र शुद्ध कशाला म्हणावे, हा प्रश्न येथे भांड्यापेक्षा पुष्कळ अवघड होतो.

पूर्वमीमांसेत, म्हणजे वैदिक कर्मविधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात, ज्यामुळे वस्तू एखाद्या प्रयोजनास योग्य होते त्याला संस्कार म्हणतात, आणि ही योग्यता कधी दोष काढून तर कधी नवा गुण घालून येते. काजळी निघणे हा यातला पहिला आणि सोपा भाग होय; दुसरा कळण्यासाठी बार उडताना पुंगळीचे काय होते ते पाहावे लागते. रायफलीत बार उडताना दर चौरस इंचावर सुमारे 60,000 पौंडांपर्यंत दाब येतो. त्या क्षणी पुंगळीची, 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त यांची भिंत फुगून नळीच्या कोठीला घट्ट चिकटते, वायू मागे येऊ देत नाही, आणि दाब ओसरताच किंचित आक्रसते, म्हणूनच पुंगळी बाहेर काढता येते. या आक्रसण्याला वैशेषिकांकडे, म्हणजे द्रव्ये आणि त्यांचे गुण यांचा विचार करणाऱ्या दर्शनात, नेमका शब्द आहे: वेग, भावना आणि स्थितिस्थापक या संस्काराच्या तीन भेदांपैकी तिसरा, जो वाकवलेले धनुष्य किंवा फांदी पूर्वस्थितीला आणतो.

परंतु फुगणे आणि साच्यात दाबून पुन्हा मापात आणणे यांच्या प्रत्येक फेरीत पितळ अधिक ताठर होते आणि शेवटी तोंडाशी चिरते. यासाठी पुंगळीची मान तापवून मऊ करतात. बूड मात्र कठीणच ठेवावे लागते, कारण तेथे मऊपणा हाच दोष ठरतो. या तापवण्याने उमटलेला निळसर-तपकिरी डाग लष्करी काडतुसांवर तसाच राहू देतात, बाजारी काडतुसांवरून तो पुसून टाकतात. म्हणजे चकाकीच्या हौसेने संस्काराचीच खूण मळात जमा होते.

चकाकीवर विसंबणे किती फसवे असते, याचा दाखला ब्रिटिश अमलातील भारतात सापडतो. पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत साठवलेली पितळी काडतुसे आपोआप तडकत, आणि घडणीच्या वेळी धातूत कोंडलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया हे त्याचे कारण 1921 मध्ये स्पष्ट झाले. अमोनिया पितळ उत्तम उजळतो, तरी याच कारणाने जाणकार पुंगळ्यांना त्याचा स्पर्श होऊ देत नाहीत. येथे दोष पृष्ठभागावर नसून घडणीत होता, आणि तो धुण्याने नव्हे तर उष्णतेने ताण सैल केल्यानेच जात असे.

योग्यता कशासाठी, हा प्रश्न मग उरतोच, आणि मीमांसकांनी तो टाळलेला नाही. शत्रूच्या नाशासाठी सांगितलेल्या श्येनयागाची चर्चा करताना मीमांसेचे भाष्यकार शबरस्वामींनी वेद तेथे साधन सांगतो, परंतु ती हिंसा धर्म ठरत नाही, असा भेद केला. श्येनातील विधी कितीही यथासांग झाला तरी फळाचा अनर्थ त्यामुळे टळत नाही. पुंगळीची गोष्ट याहून निराळी नाही, फक्त वैशेषिकांची भर तिला घालावी लागते: स्थितिस्थापक संस्कार स्पर्शवान द्रव्यात राहतो, तर स्मृतीला कारण होणारी भावना केवळ आत्म्यात. गोळी कागदी लक्ष्याला लागली, हरणाला की माणसाला, याचा कोणताही ठसा पितळेत उरत नाही, म्हणून आम्लाला तेथे काढण्यासारखेही काही नसते. मारणाऱ्याच्या शुद्धीचा विचार मनुस्मृतीने द्रव्यशुद्धीत न मिसळता 11 व्या अध्यायात, प्रायश्चित्ताच्या प्रकरणात केला आहे.