फांदी छाटण्याआधी

गेल्या पावसाळ्यात एक ट्रेलर माझ्यामुळे साडेपाच तास गेटवर उभा राहिला. मी तिथे नव्हतोच. मी द्रोणागिरीतल्या माझ्या भाड्याच्या वन बीएचकेमध्ये झोपलो होतो आणि ट्रेलर तिथून वीसेक मिनिटांवरच्या एका कंटेनर यार्डाबाहेर पावसात उभा होता. त्याला अडवलं होतं मी लिहिलेल्या चाळीस ओळींच्या एका फंक्शनने.

द्रोणागिरीत राहणाऱ्याला कंटेनर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. १९८९ साली न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं, तेव्हापासून या सगळ्या पट्ट्याचा दिवस आणि रात्र ट्रेलरच्या वेळापत्रकावर चालते. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. प्रत्येक कंटेनरवर अकरा चिन्हांचा एक नंबर असतो. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं अक्षर बहुतेक वेळा 'यू', मग सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक सुटा आकडा. हा सुटा आकडा कुणी मनाने ठरवत नाही, तो आधीच्या दहा चिन्हांवरून निघतो. अक्षरांना ठरलेल्या किमती आहेत (ए म्हणजे १०, बी म्हणजे १२, अकराच्या पटीतल्या किमती मुद्दाम वगळल्या आहेत). पहिल्या चिन्हाला १ ने गुणायचं, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ४ ने, असं दुप्पट करत दहाव्याला ५१२ ने. सगळ्याची बेरीज करायची, ११ ने भागायचं, बाकी उरेल तो शेवटचा आकडा. बाकी १० उरली तर शून्य लिहितात. लिहिताना किंवा वाचताना एक आकडा चुकला की बहुतेक वेळा हिशेब जुळत नाही आणि चूक पकडली जाते.

गेटवर कॅमेरा हा नंबर वाचतो. पण कंटेनर समुद्रावरून आलेला असतो, गंजलेला, खरचटलेला. एखाद-दोन आकडे वाचता येत नाहीत. या हिशेबासाठी नेहमी दिलं जाणारं उदाहरणच घेऊ: सीएसक्यूयू ३०५४३८, शेवटी ३. समजा यातले तिसरा आणि पाचवा आकडा पुसले गेले. दोन रिकाम्या जागा, म्हणजे शंभर शक्यता. त्यातल्या शेवटी ३ आणणाऱ्या किती? मी मोजल्या आहेत. बरोबर दहा.

या दहा शोधायच्या कशा, तर कॉलेजात शिकवलेल्या रिकर्शन आणि बॅकट्रॅकिंगने. फंक्शन पहिल्या रिकाम्या जागी शून्य ठेवतं आणि उरलेल्या नंबरसाठी स्वतःलाच हाक मारतं. ती दुसरी हाक पुढच्या रिकाम्या जागी शून्य ते नऊ ठेवून बघते. काही जुळलं तर नोंदवते, नाही जुळलं तर परत फिरते. परत फिरताना आपण ठेवलेला आकडा पुसायचा, पाटी होती तशी करायची, मग पुढचा आकडा. ठेव, आत जा, परत ये, पूस. चक्रव्यूहात शिरलेल्या माणसाने प्रत्येक वळणावर खडूची खूण करावी आणि रस्ता बंद निघाला की मागे येऊन ती पुसावी, तसं.

इथपर्यंत ठीक होतं. पण मला ते आणखी फास्ट करायचं होतं. यार्डाकडे त्या दिवशी येणाऱ्या कंटेनरांची यादी असते. मी विचार केला, शेवटपर्यंत जायचंच कशाला? प्रत्येक पावलाला यादीत बघू. 'सीएसक्यूयू ३००' ने सुरू होणारा एकही नंबर यादीत नसेल तर त्या फांदीवरच्या दहाही शक्यता तिथेच छाटून टाकू. याला प्रूनिंग म्हणतात. डेमोला सगळे खूश झाले. पाच-पाच आकडे झाकले तरी उत्तर पापणी लवायच्या आत.

त्या रात्री जहाजाची सुधारित यादी सिस्टिममध्ये चढलीच नव्हती. ट्रेलरवरचा कंटेनर खरा होता, जुन्या यादीत नव्हता इतकंच. माझ्या फंक्शनने पहिल्याच रिकाम्या जागेवर सगळ्या फांद्या छाटल्या आणि स्क्रीनवर लिहिलं: जुळणारा नंबर नाही. मी छाटणी केली नसती तर गार्डच्या स्क्रीनवर काही मोजके नंबर आले असते आणि त्यातला एक ड्रायव्हरच्या हातातल्या कागदावर होता. पहाटे साडेचारला मला फोन आला. गार्डने फोन ड्रायव्हरकडे दिला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, नंबर माझ्या कागदावर आहे, दारावर पण आहे, आणि तुमचं मशीन म्हणतंय असा कंटेनरच नाही. मग मी रात्रभर काय ओढून आणलं?"

ऑफिसमध्ये याची नोंद 'डेटा इश्यू' अशी झाली. यादी उशिरा आली, कोडमध्ये बग नाही. मला बरं वाटलं. नंतर दोन-तीन दिवसांनी बरं वाटेनासं झालं.

कारण बग होता, फक्त तो टायपिंगचा नव्हता. मी दोन वेगळ्या गोष्टींना एकच समजलो होतो. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे मांडायचे की कुणी कुणाला मारू नये, हे कोडं बॅकट्रॅकिंग शिकवताना सगळीकडे देतात. तिथे पहिले दोन वजीर एकमेकांच्या वाटेत आले की ती फांदी छाटायची. का? कारण पुढे उरलेले सहा कुठेही ठेवले तरी या दोघांचं भांडण मिटणार नाही. हे सिद्ध करता येतं. न बघता सोडून द्यायचा हक्क तिथे मला आहे, कारण न बघताही मला माहीत आहे की आत काही नाही. माझ्या यादीचं तसं नव्हतं. 'यादीत नाही' यावरून 'अस्तित्वात नाही' हे सिद्ध होत नाही. तो अंदाज होता, बहुतेक दिवशी बरोबर ठरणारा. आणि कोडमध्ये मात्र दोन्ही ठिकाणी तीच एक ओळ दिसते: अट पाळली नाही, परत फिर. पुरावा कुठे आणि अंदाज कुठे, हे ती ओळ वाचून कळत नाही.

याहून वाईट म्हणजे चुकीची छाटलेली फांदी आवाज करत नाही. एरर येत नाही, लॉगमध्ये काही पडत नाही. प्रोग्रॅम म्हणतो 'उत्तर नाही' आणि आपल्याला वाटतं त्याने सगळीकडे शोधलं. ट्रेलरवाल्याकडे निदान फोन होता.

आपल्याकडच्या जुन्या छंदशास्त्रज्ञांची आठवण मला याच वेळी आली. ते लोक अटींत बसणाऱ्या अक्षरमाळा तयार करण्याचंच काम करत होते. लघु आणि गुरू या दोनच खुणा. ठरावीक अक्षरांच्या ओळीत त्या किती प्रकारे बसतील, ते सगळे प्रकार ओळीने लिहायचे. याला प्रस्तार म्हणतात आणि त्याचं मूळ पिंगलाच्या छंदःसूत्रांत आहे. बारा अक्षरांच्या ओळीचे ४०९६ प्रकार होतात. त्यातला एक, लघु-गुरू-गुरू चार वेळा, म्हणजे भुजंगप्रयात. मनाचे श्लोक ज्याने शाळेत म्हटलेत त्याच्या तोंडात तो बसलेला असतो. अक्षरांऐवजी मात्रा मोजल्या तर अट बदलते: लघुची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग आठ मात्रांची ओळ एक तर सात मात्रांच्या ओळीला लघु जोडून होते किंवा सहा मात्रांच्या ओळीला गुरू जोडून. स्वतःलाच हाक मारणारं फंक्शन ते हेच. आकडे येतात १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४. हा नियम विरहांकाने दिला आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने पुन्हा मांडला, म्हणजे फिबोनाचीच्या १२०२ सालच्या पुस्तकाआधी.

'आमच्याकडे आधीच होतं' असं म्हणायला मी हे सांगत नाहीये, ते व्हॉट्सॅपवर भरपूर आहे. मला वेगळंच आवडतं. ४०९६ पैकी बहुतेक प्रकारांत कुणी कधी ओळही लिहिली नसेल. तरी प्रस्तारात प्रत्येकाला जागा आहे, क्रमांक आहे. इतकंच नाही, मधली ओळ पुसली गेली तर नुसत्या क्रमांकावरून ती परत कशी काढायची याची रीत आहे. तिला 'नष्ट' म्हणतात. ओळीवरून क्रमांक काढण्याच्या रीतीला 'उद्दिष्ट'. कवीने काय निवडावं ते कवी बघेल. हे लोक निवडीआधी काही गाळत नव्हते, आणि जे कुणी निवडणार नव्हतं तेही परत सापडेल अशी सोय ठेवत होते.

आता खरी अडचण सांगतो. त्या रात्रीनंतर महिन्याभराने टीम लीडने मला कॅम्पस भरतीच्या अर्जांसाठी फिल्टर लिहायला सांगितलं. दहावी, बारावी, डिग्री, तिन्हींत साठ टक्के. एकही केटी नको. इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही हे वाक्य पाठ असतं. मी स्वतः दुसऱ्या वर्षी मॅथ्समध्ये केटी घेतलेला मुलगा आहे. त्या सेमिस्टरला घरी आजारपण होतं, पण ते राहू द्या. नसतं तरी कदाचित लागली असती. कॉलेजात आलेल्या बहुतेक कंपन्यांच्या बाहेरच्या बाकावरही मला बसता आलं नाही. सध्याच्या नोकरीत आलो तो एका सीनियरने माझा रेझ्युमे थेट हातात नेऊन दिला म्हणून. म्हणजे मी छाटलेल्या फांदीवरून आलोय.

आणि मला दिसत होतं की ही यादीवालीच छाटणी आहे. केटी लागलेल्या मुलाला पुढे कोड लिहिता येणार नाही, याचा पुरावा कुणाकडे आहे? अंदाज आहे. मी लीडला म्हटलं, ही अट शेवटी लावू, आधी सगळ्यांना एक छोटा प्रॉब्लेम सोडवायला देऊ. तो वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "अरे, हजाराच्या वर अर्ज आहेत, बघणारे आपण दोघं, आणि हातात तीन दिवस. उत्तरं कॉपी झालीत का ते कोण तपासणार? तुझ्या शनिवार-रविवारी करतोस का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. न छाटण्याची किंमत असते आणि ती कुणीतरी भरतं.

मी जिथे राहतो त्या गावाचं नाव या बाबतीत मोठं गमतीचं आहे. उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगराबद्दल अशी कथा सांगतात की मारुती संजीवनीसाठी पर्वत उचलून नेत होता, तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला. मारुतीला मुळी ओळखता येईना. ओळखता येत नाही म्हणून त्याने अंदाजाने एकही झुडूप गाळलं नाही, अख्खा डोंगर आणला. आमच्या भाषेत ब्रूट फोर्स. मला हे फार प्रामाणिक वाटायचं. मग कधीतरी वाचलं की उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात द्रोणागिरी नावाचं गाव आहे आणि तिथले लोक मारुतीची पूजा करत नाहीत. आमचा डोंगर नेला म्हणून त्यांचा राग आहे. लक्ष्मण वाचला, सगळं खरं, पण डोंगर त्यांचा होता.

आमच्या द्रोणागिरीतही असा राग जुन्या लोकांच्या बोलण्यात येतो. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नकाशात आली, त्यात भातशेती होती, मिठागरं होती. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. माझे घरमालक त्याच प्लॉटवर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये राहतात. आगरी घरातले आहेत, मला 'बाला' म्हणतात. मी एकदा त्यांना बॅकट्रॅकिंग समजावत होतो, ते का विचारू नका. परत येऊन पुसायचं आणि पाटी कोरी, हे ऐकून ते म्हणाले, "मंग तुमचा बरा हाय." खिडकीबाहेर कंटेनरांची थप्पी दिसत होती.

माझ्या फंक्शनमध्ये 'पूस' ही ओळ फुकट आहे, कारण रिकाम्या जागेला आधी तिथे काय होतं ते आठवत नाही. ड्रायव्हरचे साडेपाच तास असे पुसता येत नाहीत. शेवटच्या वर्षाचं कॅम्पसही परत येत नाही. त्यामुळे जिथे पुसता येतं तिथे मी बिनधास्त छाटतो, आणि जिथे येत नाही तिथे हात अडखळतो. एवढं माझं मला कळलंय. त्यातून नियम तयार होत नाही, कारण तीन दिवस हे तीनच दिवस असतात.

शेवटी फिल्टर मी लिहिलं, साठ टक्के आणि केटीसकट. तुम्हाला वाटलं असेल मी नकार दिला असेल. नाही दिला. दोन बदल केले. गाळलेला प्रत्येक अर्ज वेगळ्या फाइलमध्ये पडतो, क्रमांकासह आणि कुठल्या अटीवर गाळला त्या कारणासह. आणि नावं, कॉलेजं न दाखवता त्यातले काही अर्ज उघडून बघायची परवानगी मी लीडकडून घेतली. तो म्हणाला, बघ, पण ऑफिसच्या वेळात नको.

गेटवरच्या फंक्शनमधूनही यादीची छाटणी मी काढली. यादीत असलेले नंबर आता वर दिसतात, नसलेले खाली, पण दिसतात. थोडं हळू चालतं. गार्डने तक्रार केली की स्क्रीनवर फार गर्दी होते.

उरणची लोकल जानेवारी २०२४ पासून सुरू आहे. संध्याकाळी बेलापूरला बसायला जागा मिळते, खारकोपरनंतर डबा आणखी रिकामा होतो. द्रोणागिरी येईपर्यंत माझे चार अर्ज वाचून होतात, कधी पाच. काल एकाने प्रोजेक्टच्या रकान्यात लिहिलं होतं की त्याने गावच्या पाणीपुरवठ्याच्या व्हॉल्व्हचं वेळापत्रक लावणारा प्रोग्रॅम केलाय. दोन केटी. मी त्याचा क्रमांक लिहून घेतला आणि सकाळी लीडला पाठवला. अजून उत्तर आलेलं नाही.